कॅमेरा घ्यायचाय? साधा घ्यावा की वरचा?

मैत्रिणींनो, फ्रिज घ्यायचा तर आपण चार दुकानं पालथी घालतो, साडी घ्यायची तर पदर उलटून पाहतो. पण कॅमेरा घ्यायची वेळ आली, की "त्यातलं आपल्याला काय कळतंय?" म्हणून ती खरेदी घरातल्या पुरुषमंडळींकडे, नाहीतर कॉलेजातल्या मुलाकडे सोपवून मोकळ्या होतो. पैसे मात्र पुष्कळदा आपल्याच भिशीतले, शिकवणीतले, फराळाच्या ऑर्डरींतले असतात! म्हणून आज स्वयंपाकघर जरा बाजूला ठेवून कॅमेऱ्याविषयी बोलू या.

सगळ्यांत आधी स्वतःला एक प्रश्न विचारा. फोटो काढून करणार काय? नातेवाइकांना मोबाईलवर पाठवण्यापुरतेच हवे असतील, तर हातातला मोबाईल पुरेसा आहे; उगाच खर्चात पडू नका. पण मुलांचे फोटो मोठे करून भिंतीवर लावायचे असतील, शाळेचं स्नेहसंमेलन टिपायचं असेल, साड्या-दागिने-फराळ विकण्यासाठी नेटके फोटो हवे असतील, किंवा ही कला मनापासून शिकायची असेल, तर डीएसएलआरचा विचार जरूर करा. या कॅमेऱ्यात लेन्समागे एक लहानसा आरसा असतो. त्यामुळे लेन्सला दिसतं तेच आपल्या डोळ्याला दिसतं, आणि लेन्स बदलता येते. सारी गंमत या बदलता येणाऱ्या लेन्समध्ये आहे, हे पक्कं लक्षात ठेवा.

आता साधा आणि वरचा यांत फरक काय? निकॉनचे दोन कॅमेरे शेजारी ठेवून पाहू. डी३५०० हा २०१८ साली आलेला नवशिक्यांचा, आणि डी७५०० हा २०१७ सालचा मधल्या दर्जाचा. नवे असताना दोघांच्या किमतीत दुपटीहून अधिक अंतर होतं. पण गंमत पाहा. साध्यात २४.२ मेगापिक्सेल, तर महागात २०.९! एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. ८ बाय १२ इंचांचा सुरेख फोटो छापायला सुमारे ८६ लाख ठिपके पुरतात. म्हणजे दोन्हींत ते गरजेपेक्षा कितीतरी जास्तच आहेत. चित्र ज्यावर उमटतं तो सेन्सरही दोन्हींत सारख्याच आकाराचा, साधारण २४ बाय १६ मिलिमीटर. बॅटरी एकदा भरली की साधा कॅमेरा कंपनीच्या मोजणीनुसार १,५५० फोटो काढतो, महाग ९५०. वजन म्हणाल, तर बॅटरी आणि कार्डासकट साधा ४१५ ग्रॅम, महाग ७२० ग्रॅम. एका खांद्यावर पर्स, कडेवर मूल आणि गळ्यात कॅमेरा, अशी कसरत करणाऱ्या बाईला हा फरक चांगलाच जाणवतो.

मग जास्तीचे पैसे जातात कुठे? ते जातात वेगात, सोयीत आणि मजबुतीत. फोकस धरण्यासाठी साध्यात ११ बिंदू आहेत, वरच्यात ५१. सेकंदाला साधा ५ फोटो काढतो, वरचा ८. साध्याच्या खिडकीतून चित्राचा ९५ टक्के भाग दिसतो, वरच्याच्या खिडकीतून पूर्ण, आणि तोही अधिक उजळ. वरच्याला दोन चक्र्या असल्यामुळे हाताशी चटकन बदल करता येतात, आणि धूळ-पावसाच्या शिंतोड्यांपासून त्याचा बचाव बरा होतो. कॅननच्या घरातही हीच तऱ्हा. २०१८ च्या १५००डीला फोकसचे ९ बिंदू आणि सेकंदाला ३ फोटो, तर २०१९ च्या ९०डीला ४५ बिंदू आणि १० फोटो.

यातलं तुम्हाला काय लागणार? खिडकीशी मांडलेल्या चकल्यांच्या ताटाला ५१ बिंदू नकोत. ताट काही पळून जात नाही! पण कबड्डीचा सामना, उडणारे पक्षी, पावसातली दिंडी, असं काही टिपायचं असेल, किंवा बारसं-डोहाळजेवणाच्या ऑर्डरी पैसे घेऊन करायच्या असतील, तर वरचा कॅमेरा घ्या. तिथे तो आपली किंमत वसूल करून देतो. बाकी घरगुती हौस आणि लहानसा व्यवसाय यांना साधा पुरून उरतो.

शाळेतल्या स्नेहसंमेलनात दरवर्षी पाहते, पालक हौसेने कॅमेरे आणतात आणि मग तक्रार करतात, "बाई, फोटो हललेलेच आले." दोष कॅमेऱ्याचा नसतो हो, उजेडाचा असतो. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ ची लेन्स पुढे ओढली, की तिचं दार ५.६ इतकंच उघडतं. हा आकडा जितका लहान, तितकं दार मोठं. ५० मिलिमीटरची १.८ ची लेन्स लावली, तर जवळजवळ नऊ-दहा पट उजेड आत येतो. म्हणजे जो फोटो घ्यायला सेकंदाचा पंचविसावा भाग लागत होता, तो अडीचशेव्या भागात निघतो. पुढच्या दोन-तीन रांगांत बसलात, तर नाचणाऱ्या मुलीचा हात धुरासारखा न येता बोटांसकट स्पष्ट येईल. ही लेन्स निकॉन आणि कॅनन दोघांकडे आहे आणि लेन्सांच्या मानाने स्वस्त आहे.

म्हणून माझा हिशेब सरळ आहे. ठरवलेल्या रकमेतली सगळी रक्कम कॅमेऱ्यावर घालू नका. साधा कॅमेरा आणि एक चांगली लेन्स ही जोडी, महाग कॅमेरा आणि सोबतची साधी लेन्स या जोडीपेक्षा घरात जास्त उपयोगी पडते. शिवाय मेमरी कार्ड, जादा बॅटरी, पिशवी आणि तिवई यांचे पैसे आधीच वेगळे काढा. नाहीतर लग्नात वाजंत्रीवाल्यांचे पैसे द्यायचे राहावेत, तशी ऐनवेळी तारांबळ उडते.

मात्र इथे एक खाच आहे. निकॉनच्या साध्या कॅमेऱ्यात लेन्स फिरवणारी मोटर नसते, वरच्या डी७५०० मध्ये ती आहे. त्यामुळे ५० मिलिमीटरची जुनी 'डी' लेन्स स्वस्त मिळाली, तरी साध्या कॅमेऱ्यावर ती आपोआप फोकस करणार नाही. दुकानदाराला स्पष्ट सांगा, "१.८ जी दाखवा." ही २०११ साली आली आणि तिची मोटर तिच्यातच आहे. कॅननच्या ईएफ लेन्सांना ही अडचण नाही.

आणखी एक गोष्ट. २०२० च्या सुरुवातीला काही मॉडेलं आणल्यानंतर या दोन्ही कंपन्यांनी आपला मोर्चा बिनआरशाच्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळवला आहे. त्यामुळे वर सांगितलेले कॅमेरे बहुधा वापरलेले, नाहीतर दुकानात उरलेले मिळतील. म्हणून घाबरायचं कारण नाही. चांगला कॅमेरा वर्षानुवर्षं चालतो. फक्त पारखून घ्या. आतापर्यंत किती फोटो काढले, तो आकडा विचारा. लाखाच्या घरात असेल तर साधा कॅमेरा नको. लेन्समधून टॉर्चचा झोत टाका. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी समजा आणि नमस्कार करून परत या. दार १६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर आत धूळ आहे. नवा घेत असाल, तर पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी असल्याशिवाय पैसे मोजू नका.

बुरशीचं नाव निघालंच आहे, तर जपणुकीचं सांगते. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात कॅमेरा कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवलात, तर लेन्सवर बुरशी धरणारच. घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्या आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले, की ओल धरली असं समजून बदला. ते दाणे स्वयंपाकाच्या भांड्यांत तापवू नका आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका. साड्यांच्या कपाटात कॅमेरा ठेवायची सवय असेल, तर तीही सोडा. डांबराच्या गोळ्या आणि कापूर यांच्याजवळ कॅमेरा ठेवू नये, असं कंपनीच्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं. आठवड्यातून एकदा बाहेर काढून दोन-चार फोटो काढलेत, की झालं.

आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. सुरुवातीला त्यांनी काढलेले फोटो त्यांच्या पतीच्या नावाने छापले जात. पुढे २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. आपण काही त्यांच्या पंक्तीला बसायचं नाही. पण आपल्या पैशाने आलेला कॅमेरा आपल्या नावाचा, आपल्या हातातला असावा, एवढं तरी करू या. दुकानात जाल तेव्हा तो मुलाच्या नव्हे, स्वतःच्या गळ्यात घालून पाहा. बोटं बटणांपर्यंत पोचतात का, मान अवघडते का, ते तुमचं तुम्हालाच कळेल.

आणि कॅमेरा घरी आला, की सगळ्यांचे फोटो काढता काढता अधूनमधून तो लेकीच्या, नाहीतर सासूबाईंच्या हाती द्या. घरोघरच्या अल्बमांत पानामागून पानं उलटली, तरी आई कुठे दिसत नाही. निदान आपल्या घरचा अल्बम तरी तसा नको!