मीटरने मोजलेला चहा

तैवानातल्या सिंचूत राहायला येऊन सात वर्षं झाली. इथल्या चहाच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की पहिला प्रश्न ठरलेला: "किती उंचीवरचा?" आलिशान डोंगरातला 1300 मीटरचा चहा मधल्या फळीवर, लिशान डोंगरातला 2000 च्या पुढचा सगळ्यात वर. भावही तसाच चढत जाणारा. सुरुवातीला मीही वरच्याच फळीकडे बोट दाखवायचे, खोटं कशाला बोलू.

तैवानात 1000 मीटरच्या वर पिकलेल्या ऊलाँग चहाला 'गाओशान', म्हणजे उंच डोंगरातला, चहा म्हणतात. उंचीचा गुण खोटा नाही. थंडी आणि धुक्यामुळे पान सावकाश वाढतं, जाड होतं, तुरटपणा कमी राहतो. आलं ठेचून खळखळ उकळलेल्या चहावर वाढलेली मी. पहिल्या घोटाला हा चहा नुसतं कोमट पाणीच वाटला. गिळल्यावर मागून गोडवा आला, तेव्हा कप पुन्हा पुढे केला.

पण मीटरचं हे वेड मला आता पटत नाही. आलिशानच्या एका मळ्यात तोडणी पाहिली. बायकांच्या तर्जनीला चिकटपट्टीने ब्लेडचा तुकडा बांधलेला. देठ कापला जातो, पान चुरगळत नाही. ती पानं उन्हात सुकवून मग आत पसरली. मळेवाला रात्रभर दर थोड्या वेळाने उठून ती हलक्या हाताने उलटीपालटी करत होता आणि मूठभर पानांत नाक खुपसून वास घेत होता. हिरवा उग्रपणा जाऊन फुलासारखा वास आला, की भट्टी. तो क्षण चुकला तर 2000 मीटरही कामाचे नाहीत. नानतोऊ जिल्ह्यातला तुंगतिंग चहा जेमतेम 700 मीटरवरचा, पण निखाऱ्यावर भाजणारा मुरलेला असेल तर मी लिशान बाजूला ठेवीन.

उंचीला भाव मिळतो म्हणून मळे वर सरकले, जंगल तुटलं. चहाची मुळं काही जुन्या झाडांसारखी डोंगर धरून ठेवत नाहीत. ऑगस्ट 2009 मध्ये मोराकोट वादळाने आलिशानवर काही दिवसांत अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस ओतला. त्यात तुटलेला तिथल्या डोंगरी रेल्वेचा मार्ग पुन्हा पूर्ण सुरू व्हायला 2024 उजाडलं. वादळ चहाने आणलं नाही, हे कबूल. पण असा पाऊस पडणाऱ्या उतारावर आणखी मळे कशाला? उंचीच्या नावाचा लोभ इतका, की व्हिएतनाममधला चहा इथला डोंगरी म्हणून विकणारेही पकडले गेलेत.

मागच्या हिवाळ्यात दुकानात मी उंची विचारलीच नाही. "भाजलाय कुणी?" म्हटलं. म्हातारे दुकानदार चष्म्यावरून बघत राहिले, मग स्टूल पुढे सरकवलं आणि पाणी तापत ठेवलं.