माजी सैनिकांसाठी सजगता प्रशिक्षण : मागणीपत्र

प्रति,
मा. संचालक, सैनिक कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य, पुणे

महोदय,

पेन्शन, कॅन्टीन आणि ईसीएचएस कार्ड या विषयांवर आमच्या संघटनेने आजवर भरपूर अर्ज केले. हा अर्ज झोपेबद्दल आहे.

आमचे काही सभासद कारगिलला लढले, काही सियाचीनला होते, बरेच जण राष्ट्रीय रायफल्समधून काश्मीर खोऱ्यात राहून आले. चाळिशीच्या आत घरी परतलेला हवालदार रात्री दोनदा उठून दाराची कडी तपासतो, लग्नाच्या पंगतीत भिंतीला पाठ लावूनच बसतो, दिवाळीत माळ वाजली की मळ्यात निघून जातो. घरचे म्हणतात तापट झालाय, गाव म्हणतं पितो. डॉक्टरकडे चल म्हटलं तर उत्तर ठरलेलं : मी काय वेडा आहे?

अशा माणसाला दवाखान्याआधी आपल्याच माणसांतली बैठक जवळची वाटते. श्वासावर लक्ष ठेवून, मनात येईल ते न झटकता पाहण्याचा, म्हणजेच सजगतेचा, आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केला. त्याबद्दल मिनियापोलिसच्या माजी सैनिक रुग्णालयातल्या ११६ जणांवरचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्ग संपून दोन महिने झाल्यावर सजगता शिकलेल्यांपैकी सुमारे ४९ टक्क्यांनी त्रास ठळकपणे कमी झाल्याचं सांगितलं. दुसऱ्या गटचिकित्सेत हे प्रमाण २८ टक्के होतं. आजारातूनच बाहेर पडलेल्यांच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. तेव्हा ध्यान सुरू झालं म्हणून कोणाच्या गोळ्या बंद होता कामा नयेत.

आमच्या मागण्या :

१. प्रत्येक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आठ आठवड्यांचा वर्ग मराठीतून घ्यावा. दीपप्रज्वलन, हारतुरे आणि ग्रुप फोटोचं एकदिवसीय शिबिर नको. पुष्कळ जण सिक्युरिटीची रात्रपाळी करतात, त्यांना सोसेल अशी वेळ ठेवावी.

२. डोळे मिटा म्हटलं की काहींच्या पुढ्यात नेमकं तेच उभं राहतं जे विसरायचं असतं. म्हणून डोळे उघडे ठेवण्याची, चालत सराव करण्याची, मध्येच उठून जाण्याची मुभा हवी; शिकवणाऱ्याला आघाताची जाण हवी आणि प्रत्येक तुकडीमागे एक मानसोपचारतज्ज्ञ हवा. (इगतपुरीला पाठवा, असं अनेक जण सुचवतात. विपश्यनेबद्दल आम्हाला आदरच आहे. पण गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी दहा दिवसांच्या शिबिराला येऊ नये, असं ती परंपराच सांगते.)

३. पुढे माजी सैनिकांतूनच प्रशिक्षक घडवावेत. निवृत्त सुभेदार साहेबांनी बस म्हटलं तर जवान बसतो.

४. वर्गाची हजेरी कुणालाही कळवू नये. गार्डची नोकरी बंदुकीच्या लायसनवर चालते. ते जाईल या धास्तीने माणसं दारातूनच परत फिरतील.

५. पत्नी आणि वीरनारींसाठी स्वतंत्र तुकडी असावी.

खर्च ध्वजदिन निधीतून व्हावा. पहिल्या वर्षी दोन-तीन जिल्ह्यांत सुरुवात केली तरी चालेल. जागा, सतरंज्या आणि चहा आमच्याकडे लागला. चर्चेसाठी तारीख कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, सचिव व सभासद