कुंपणावरचे पिवळे पान

आमच्या बंगलीला (तीन खोल्या आणि एक ओटा यांना हा शब्द जरा जडच जातो, पण सोसायटीच्या कागदांत तोच आहे) भिंतीचे कुंपण नाही, कुंतीचे आहे. 1986 साली माझे वडील आणि शेजारचे अप्पा यांनी मिळून रोपे आणली. निम्मी आमच्या दोघांच्या हद्दीवर लागली, निम्मी अप्पांच्या दर्शनी बाजूला. पुढे वडील गेले, कुंती राहिली. पावसाच्या पहिल्या सरी पडून गेल्या, की थोड्याच दिवसांत ती पांढऱ्या फुलांनी भरते आणि संध्याकाळी असा काही वास सुटतो, की रस्त्याने जाणारा माणूस आपली चाल मंद करतो.

यंदा मार्चमध्ये हद्दीवरची ही कुंती पिवळी पडू लागली.

वाचकहो, मराठीच्या प्राध्यापकाला पान दिसले, की तो अर्थ लावायला बसतो. मी म्हटले, ही भूक. झाले, बुडाशी मूठमूठ युरिया घातला. मग वाटले, तहान असेल. सकाळ-संध्याकाळ नळी लावून ठेवली. मग वाटले, कीड असेल. पंप उसना आणून औषध मारले. पाने अधिकच पिवळी! अशा वेळी माणूस दोष देण्यासाठी दुसरा माणूस शोधतो, आणि तो मला कुंपणापलीकडेच सापडला. अप्पांची दर्शनी कुंती हिरवीगार होती, आणि त्यांनी नुकताच ओट्याला सिमेंटचा गिलावा करून घेतला होता.

"अप्पा, तुमच्या गवंड्यांनी सिमेंटचं पाणी आमच्या मुळाशी ओतलेलं दिसतंय," मी म्हणालो.

अप्पांनी चष्मा काढला. "ते खड्डे मी तुझ्या बापाबरोबर खणलेत रे. मी त्यांत सिमेंट ओतीन?"

एवढे बोलून ते आत गेले. त्या पाडव्याला अप्पांकडून श्रीखंडाची वाटी आली नाही. माझ्या आठवणीत असे कधी झाले नव्हते.

एप्रिलात आमच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांपुढे मी एक पिवळे पान ठेवले. त्यांनी त्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "शेंड्याचं की बुडाचं?" एवढेच विचारले. मला सांगता येईना. "एक ओळ फाडून आणायची आणि कविता कोणती ते विचारायचं, असं तुमच्या विषयात चालतं का हो?" ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी आख्खी फांदी नेली.

मग त्यांनी ती मला वाचून दाखवली. झाडाला नत्र कमी पडले, की ते जुन्या पानांतले काढून कोवळ्यांना देते. म्हणून आधी बुडाची पाने पिवळी पडतात. (घरोघरीचे आईबाप दुसरे काय करतात?) मॅग्नेशियम कमी पडले तरी सुरुवात जुन्या पानांपासूनच होते, मात्र शिरांमधला भाग पिवळा पडतो. लोहाचे तसे नाही. एकदा एका पानात गेलेले लोह तिथून सहसा हलत नाही; म्हणून जुनी पाने हिरवी राहतात आणि शेंड्याची कोवळी पाने पिवळी होतात. त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात, जणू कोणी हिरव्या शाईने जाळे काढले आहे. पानावर बारीक फिके ठिपके असतील, तर फांदी पांढऱ्या कागदावर झटकावी; ठिपके चालू लागले तर ते कोळी. पान काळे पडले असेल, तर बोटाने पुसून पाहावे. काळे निघून आले तर ती काजळी, आणि वर कुठेतरी मावा नाही तर खवले कीड चिकट रस गाळीत बसलेली असणार.

माझ्या फांदीवर हिरव्या शिरांचे पिवळे शेंडे होते. कीड एकही नव्हती. म्हणजे मी मारलेले औषध फुकट गेले.

"लोह मातीत असतंच," ते म्हणाले, "पण चुना वाढला की ते मुळांना घेता येत नाही. तुमच्याकडे चुना आला कुठून?"

मी विजयी मुद्रेने घरी आलो. चुना! म्हणजे अप्पांचे गवंडीच! सौभाग्यवती तेव्हा डाळ घोटीत होत्या. त्या वर न पाहता म्हणाल्या, "अहो, बोअरचं पाणी सुरू झाल्यापासून डाळ शिजत नाहीये. किटलीच्या बुडाशी पांढरं खापर धरलंय. त्याच पाण्याची नळी तुम्ही दोन वेळा सोडता ना तिथे?"

मी गप्प बसलो. बोअर गेल्या वर्षी खणलेली. अप्पांच्या दर्शनी कुंतीला पाणी कोणीच घालत नाही. जुनी मुळे पावसाच्या ओलीवर वर्ष काढतात. तिला चुना पाजणारे कोणी नव्हते, आमच्या कुंतीला मी होतो.

नळी बंद केली. बुडाशी पालापाचोळ्याचे खत घातले. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस आणि थोडे लिंबू, असे ताजे पाणी करून ऊन उतरल्यावर शेंड्यांवर फवारले. दहाएक दिवसांनी पाहतो, तर जिथे जिथे थेंब पडले होते तिथे पिवळ्या पानावर हिरवे ठिपके उमटलेले! अर्थात हा वरवरचा उतारा होता. चुना मातीतच होता. पण जूनच्या पावसाने पुष्कळ काम केले. नवे शेंडे हिरवे आले आणि मागोमाग फुलेही आली.

त्या संध्याकाळी मी अप्पांकडे गेलो. काय बोलायचे ते वाटेत दोनदा जुळवून पाहिले होते. "अप्पा, चूक माझी होती. माझंच पाणी होतं ते."

अप्पा ओट्यावर बसले होते. त्यांनी काठीने जमिनीकडे बोट केले. नव्याकोऱ्या सिमेंटवर तांबूस गंजाचे डाग पडले होते. हिराकशीचे थेंब कुंपणावरून वाऱ्याने पलीकडे गेले होते.

"हेसुद्धा तुझंच ना?" ते म्हणाले. "बस. चहा टाकायला सांगतो. आमच्या नळाचा."