नादसाम्य आणि नातें

सुमेरी आणि तामिळ या एकाच कुळांतील भाषा होत, असें प्रतिपादन वारंवार वाचण्यांत येतें. आणि त्याचा मोह पडावा अशींच त्याचीं प्रमाणें वरवर दिसतात. युफ्रेटिस नदीच्या प्रदेशांतील प्राचीन नगर 'उर'. तामिळांत गांवाला 'ऊर'. सुमेरींत आई 'अमा', तामिळांत 'अम्मा'. दोन्ही भाषा मूळ शब्दाला तुकड्यामागून तुकडा जोडून अर्थ साधितात. इ. स. १९१३ मध्यें इतिहासकार एच्. आर्. हॉल यांनीं चेहरेपट्टीच्या साम्यावरून सुमेरी लोक हिंदुस्थानांतील द्राविडांपैकीं असावेत असा तर्क केला. पुढें १९६५ मध्यें श्रीलंकेंतील विद्वान् ए. सदाशिवम् यांनीं सुमेरी ही द्राविडी भाषाच होय, असें सांगणारा ग्रंथ लिहिला.

सोयरीक जुळवितांना काय पाहतात हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. कोंकणांतले जोशी आणि देशावरचे जोशी यांचें आडनांव एक, म्हणून कोणी त्यांना भाऊबंद ठरवीत नाहीं, गोत्र विचारतो. भाषांचेंहि तसेंच. 'बदनाम' या शब्दांतील फारशी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा नाद एक, अर्थहि एक. तरी त्यांचें परस्परांशीं कांहीं नातें नाहीं. उलट 'पितृ' आणि 'फादर', 'पाद' आणि 'फूट', 'पंच' आणि 'फाइव्ह' हीं जोडपीं पाहावीं. संस्कृतांत आरंभीं 'प', तेथें इंग्रजींत 'फ', हा नियम शब्दामागून शब्द टिकतो. भाषेचें गोत्र तें हेंच.

आतां ही कसोटी लावून पाहूं. उर नगराला सुमेरी लोक स्वतः 'उरिम' म्हणत. शहर या अर्थीं त्यांचा 'उरु' किंवा 'इरि' हा शब्द आहे खरा. पण एका शब्दानें नियम होत नाहीं. 'अमा'सारखे शब्द तर तान्ह्या मुलांच्या ओठांतून कितीतरी असंबद्ध भाषांत उपजले आहेत. जे शब्द सहसा उसने घेतले जात नाहींत ते पाहिले, तर सुमेरींत हात 'शु', डोळा 'इगि', दोन 'मिन', चार 'लिम्मु'. तामिळांत तेच 'कै', 'कण्', 'इरण्डु', 'नान्गु'. तामिळ प्रत्यय शब्दाच्या शेवटीं लागतात. सुमेरी क्रियापदाच्या आधीं उपसर्गांची रांगच उभी असते. शिवाय सुमेरी लोकांच्या बोलण्यांतून गेली ती इ. स. पू. २००० च्या सुमारास. तामिळचे सर्वांत जुने शिलालेख त्यानंतर सुमारें सतरा शतकांनीं येतात. म्हणून बहुतेक भाषापंडित सुमेरीला कोणत्याहि ज्ञात कुळांत घालीत नाहींत.

मग हिंदुस्थानाशीं त्या देशाचा संबंधच नव्हता काय? होता, पण तो व्यापाराचा. अक्कडचा राजा सारगोन, इ. स. पू. २३०० च्या सुमारास, आपल्या धक्क्याला मेलुहाचीं गलबतें लागतात, असें अभिमानानें लिहवितो. मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश, असें आज बहुतेक विद्वान् मानतात. उरच्या थडग्यांत तांबड्या अकीकाचे नक्षीदार मणी सांपडले आहेत. पॅरिस येथील लूव्र संग्रहालयांत शू-इलिशु नांवाच्या गृहस्थाची मुद्रा आहे. तीवर त्यानें स्वतःला मेलुहाच्या भाषेचा दुभाष्या म्हटलें आहे. दुभाष्याला सुमेरी शब्द 'एमे-बल', म्हणजे जीभ पालटणारा. दोन्ही देशांस एकमेकांचें बोलणें समजत असतें, तर या गृहस्थाला काम कशास उरलें असतें? मेलुहाची भाषा द्राविडी होती कीं कसें, हें सिंधुलिपीचा उलगडा झाल्यावांचून ठरावयाचें नाहीं. आणि तो अद्याप झालेला नाहीं.

प्राचीनत्वाचा अभिमान वाईट नव्हे. तो आम्हां महाराष्ट्रीयांनाहि सुटलेला नाहीं. परंतु दोन हजार वर्षांचें अखंड वाङ्मय ज्या भाषेच्या पदरीं आहे, तिला मृत भाषेच्या वंशावळींत नांव घालून घेण्याची गरज ती काय? घरांतील मुलें असल्या शब्दांची यादी घेऊन आलीं, तर वडीलधाऱ्यांनीं त्यांस हिरमुसूं नये. यादी कौतुकानें ऐकावी, आणि मग एवढेंच विचारावें, "बाळ, यांत नियम कोणता?"