संस्थापक आणि संघटना

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीकडे समाजवाद्यांनी आस्थेने पाहावे, याला सबळ कारण आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले आणि १९८९ च्या जीपीएल परवान्याने मालकीहक्काचा कायदाच उलटा फिरवला. ज्याच्या हाती आज्ञावली आली त्याला ती वाचण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा हक्क मिळाला. पुढे देताना तोच हक्क इतरांना नाकारण्याची मात्र त्याला मनाई झाली.

परंतु वापरणाऱ्याला एवढे हक्क देणाऱ्या प्रकल्पाने स्वतःच्या कार्यकर्त्यांना काय दिले? ग्नूमध्ये निवडणूक नाही. प्रमुख प्रारंभापासून एकच. २०१८ मध्ये एका ग्रंथालय-आज्ञावलीच्या माहितीपुस्तिकेतील गर्भपातविषयक जुना विनोद विकासकांनी काढला, तेव्हा प्रकल्पप्रमुख या अधिकाराने स्टॉलमन यांनी तो ठेवण्याचा आग्रह धरला. बाब क्षुल्लक, पण शेवटचा शब्द कोणाचा, हे त्यातून उघड झाले.

सप्टेंबर २०१९ मध्ये, एपस्टीन प्रकरणासंबंधीच्या त्यांच्या विधानांवरून गदारोळ झाल्यावर, स्टॉलमन यांनी एमआयटी आणि फाउंडेशनचे अध्यक्षपद सोडले. ग्नूचे प्रमुखपद सोडले नाही. ७ ऑक्टोबरला प्रकल्पातील काही विकासकांनी संयुक्त निवेदन काढले. संस्थापकाच्या कार्याबद्दल त्यात कृतज्ञता होती. मात्र त्यांच्या अनेक वर्षांच्या वर्तनाने सर्व वापरकर्त्यांना सक्षम करण्याच्या मूळ ध्येयालाच बाध आला, ते साऱ्या ग्नूचे प्रतिनिधित्व करू शकत नाहीत आणि प्रकल्पाची रचना सर्वांनी मिळून ठरवावी, असेही त्यात स्पष्ट म्हटले होते.

यात कृतघ्नता पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, कृतज्ञता म्हणजे आजन्म नियुक्तीपत्र नव्हे. दुसरा युक्तिवाद अधिक गंभीर आहे: परवान्यानेच फुटून निघण्याची मुभा दिली आहे, मग असंतुष्टांनी वेगळी चूल मांडावी. तसे घडलेही आहे. १९९७ मध्ये जीसीसी या संकलकाची फुटीर आवृत्ती निघाली आणि १९९९ मध्ये तीच अधिकृत ठरली. पण त्या फुटीमागे सिग्नस कंपनीचे पगारी अभियंते होते. रात्री जागून फावल्या वेळात काम करणाऱ्या स्वयंसेवकाला ही मुभा कितपत परवडते? ज्याच्यापाशी साधने आहेत त्याचाच तो हक्क ठरतो, आणि बाकीच्यांना संघटनेत राहूनच मत हवे असते.

मार्च २०२१ मध्ये स्टॉलमन फाउंडेशनच्या संचालक मंडळावर परतले. बाजूने आणि विरोधात हजारो सह्या झाल्या. त्या वादळात मंडळाला कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधीसाठी एक जागा निर्माण करावी लागली. जूनमध्ये जीसीसीने आपल्या कामाचे स्वामित्व फाउंडेशनच्या नावे करून देण्याची सक्ती उठवली. ग्नूच्या प्रमुखपदासाठी मात्र मतदानाची तरतूद त्यानंतरही झाली नाही.