मतलई वारा

डिसेंबरात आम्ही मोहल्ल्यातील 22 मुलांना घेऊन दिवेआगरच्या किनाऱ्यावर मुक्कामाला गेलो. संध्याकाळी समुद्रावरून जोराचा वारा होता, म्हणून तंबूंची तोंडे जमिनीकडे केली. नववीतला एक मुलगा म्हणाला, "चाचा, रात्री वारा उलटतो. मतलई वारे म्हणतात त्याला. सुरूच्या झाडांआड जाऊ या." आम्ही हसून त्याला गप्प केले.

रात्री दोनला वारा खरोखरच जमिनीकडून सुटला. तोंडातून आत शिरून त्याने दोन तंबू उचलले. कोरड्या वाळूत खुंट्या कुठल्या टिकणार? लहान मुले रडू लागली. तोच मुलगा मात्र पिशव्यांत वाळू भरून, त्यांना तंबूचे दोर बांधून, त्या खोल पुरत होता.

फजरची जमाअत समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. इथून किबला पश्चिमेलाच. नमाजनंतर आम्ही सर्वांसमोर त्या मुलाची माफी मागितली. कुरआनात 'अश-शूरा' नावाची सूरहच आहे. मशवऱ्याला वयाची अट आपणच लावतो. आज दस्तरखानावर बसाल तेव्हा घरातल्या धाकट्यालाही एकदा विचारा, "बेटा, तुला काय वाटते?"