तंबू कुठे ठोकलाय, ते आधी बघा

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा इथल्या माझ्या मायबहिणींनो आणि भावांनो, जरा थांबा. डवरणी आटोपली आहे. १५ ऑगस्टच्या सुट्टीचे बेत घरोघरी शिजताहेत. कुणी परतवाड्याचा घाट चढून चिखलदऱ्याला निघालंय, कुणी सेमाडोहला, कुणी थेट भंडारदऱ्याला नाहीतर पवनेच्या काठाला. मुलांनी मोबाईलवर फोटो दाखवला असेल. रंगीत तंबू, पुढे खळाळतं पाणी, मागे धुक्यातला डोंगर. इसार पाठवण्याआधी तो फोटो पुन्हा उघडा. पाणी तंबूपासून किती हातावर आहे ते बघा. तंबूच्या डोक्यावर काय उभं आहे ते बघा.

डोंगरातलं पाणी सांगून येत नाही. तुमच्या तंबूवर चांदणं असतं आणि चार कोस वर ढग फुटलेला असतो. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये ४ जुलै २०२५ च्या पहाटे ग्वाडालूपे नदी पाऊण तासात सुमारे २६ फूट चढली. नदीकाठच्या मुलींच्या शिबिरात मुली आणि त्यांना सांभाळणाऱ्या ताया मिळून २७ जणी गेल्या. त्याच काठावर चाकांवरच्या घरांचा तळ होता. सुट्टीला आलेली कुटुंबं त्या गाड्यांत झोपली होती. पाण्याने गाड्याच उचलून नेल्या. आपल्याकडेही आता कॅरॅव्हॅन भाड्याने मिळतात, राज्याने २०२१ साली त्यासाठी धोरणही आणलंय. जरूर जा. पण गाडीत आहोत म्हणून पुराच्या वाटेवर बिनघोर झोपू नका.

तुम्हाला हे शिकवायला शहरातला तज्ज्ञ कशाला हवा? वावराशेजारचा नाला दुपारपर्यंत कोरडा असतो आणि दिवेलागणीला बांध फोडून जातो, हे तुम्ही पाहिलंय. त्या नाल्याच्या पात्रात तुम्ही बैल बांधत नाही. मग लेकरांना का निजवता? तीच नजर मेळघाटात घेऊन जा. झुडपांत, झाडांच्या बुंध्यांत काडीकचरा अडकलेला दिसला की समजा, पाणी तिथवर येऊन गेलंय. गावातल्या म्हाताऱ्या कोरकू माणसाला विचारा, ‘बाबा, पाणी कुठवर येतं?’ तो सांगेल, त्याच्याही वर मुक्काम करा. कोलकासचं जुनं विश्रामगृह बघा. सिपना नदीच्या वळणावर आहे, पण उंचावर. ज्यांनी बांधलं त्यांना नदी ठाऊक होती.

आणि डोंगराच्या पायथ्याची ती सपाट, हिरवी, मऊ जागा? तंबूवाल्यांना तीच आवडते. ती सपाट का झाली, हे स्वतःला विचारा. दरीतून उतरणारा नाला तोंडाशी येऊन गाळ-गोटे पसरतो, सुपातून धान्य ओतावं तसं. ती जागा नाल्याने केलेली आहे आणि तो परत येतो. स्पेनमध्ये बिएस्कास गावाजवळ अशाच जागी तंबूंचा तळ होता. ७ ऑगस्ट १९९६ च्या संध्याकाळी वरचा ओढा फुटला आणि ८७ माणसं मेली. मलेशियात बातांग काली इथे १६ डिसेंबर २०२२ च्या रात्री तंबूंवर डोंगर कोसळला, ३१ जण गाडले गेले. त्या तळाला तंबू लावण्याचा परवानाच नव्हता. आपल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली, ती पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणाऱ्यांवर. पाहुण्याला तर अंधारात पळायची वाटही माहीत नसते.

म्हणून आजच फोन लावा. मालकाला विचारा: नाला किती लांब? वरच्या अंगाला उतार मोकळा आहे की भेगाळलेला? तंबूवर वाळकी फांदी तर नाही? बाहेर पडायचा रस्ता एखाद्या बुडत्या फरशीपुलावरून जातो का? ग्रामपंचायतीची परवानगी आहे? वनजमीन असेल तर वनविभागाची? आणि पाऊस कोसळताना रात्री जागं राहून सगळ्यांना उठवणारा माणूस कोण, त्याचं नाव काय? भिडेखातर गप्प बसू नका. चांगला मालक या प्रश्नांवर चिडत नाही, उलट खूश होतो. मेळघाटात असे प्रामाणिक तरुण आहेत. त्यांचं पोट या पाहुण्यांवर चालतं आणि ते चालावं असं मला मनापासून वाटतं. त्यांच्याकडेच जा. जो टाळाटाळ करेल, त्याला नको म्हणा. इसार बुडला तर बुडू द्या.

पाणी आणि दरड यांच्यापासून वाचलेलं घर शेगडीने संपतं. बाहेर गारठा, रिपरिप, मुलं कुडकुडतात. कुणीतरी मायेनेच कोळशाची शेगडी तंबूत आणतं आणि चेन लावून घेतं. जळत्या कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नाही, धूरही दिसत नाही. झोपलेलं माणूस उठतच नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळच्या दामन इथे केरळहून फिरायला आलेली आठ माणसं खोलीतल्या गॅस हीटरमुळे अशीच गेली. त्यात चार लहान मुलं होती. शेगडी आत नेऊ नका. विझत आलेलीही नेऊ नका. जास्तीची घोंगडी न्या, कानटोप्या न्या. तंबूत खाण्याचे डबे ठेवू नका, ते जंगल अस्वल-बिबट्यांचं आहे. रात्री लघवीला लेकराला एकटं सोडू नका.

निघण्याच्या आदल्या दिवशी नागपूर वेधशाळेचा अंदाज बघा. अमरावती जिल्ह्याला ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत मोडा. मुलं रुसतील, भाचे नाराज होतील, मेहुणे चिडवतील. चिडवू द्या. हिवाळ्यात चिखलदरा तिथेच असणार आहे, आणि तेव्हा तंबूतली रात्र खरोखर सुंदर असते. विजांसाठी पुण्याच्या संस्थेने केलेलं ‘दामिनी’ अॅप घरूनच घेऊन ठेवा. सेमाडोहच्या पुढे कित्येक ठिकाणी रेंज मिळत नाही. ११२ आणि १०८ हे नंबर मुलांकडून पाठ करून घ्या. कुठे उतरणार आहोत, मालकाचा नंबर काय, कधी परतणार, हे कागदावर लिहून शेजारी द्या.

तिथे पोचल्यावर आधी उजेडात एक फेरी मारा. गाडी रस्त्याकडे तोंड करून उभी करा. चाव्या आणि बॅटरी उशाशी ठेवा. पाणी गढूळ झालं, त्यात पाचोळा वाहायला लागला, वरून घरघर ऐकू आली, तर सामान आवरत बसू नका. मुलं उचला आणि उंचावर चढा. शेजारच्या तंबूतल्यांना हाका मारा, ते ओळखीचे नसले तरी मारा.

हे तुमच्या भिशीच्या, भजनी मंडळाच्या, शाळेच्या ग्रुपवर आज रात्रीच टाका. तुमच्या ओळखीत कुणीतरी उद्याच इसार पाठवणार आहे. त्यांना फोन करा आणि तंबू नेमका कुठे आहे, तेवढं विचारा.